एक डिसेंबरची रॅली नको, एक तास द्या

प्रति,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे व पालक-शिक्षक संघांचे सदस्य, आणि सर्व मुख्याध्यापक,
चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या शाळा व आश्रमशाळा.

विषय : आठवी ते दहावीच्या मुलामुलींना लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांविषयी वर्गात नीट शिकवू देण्याबाबत.

नमस्कार, राम राम, जय भीम, जय सेवा.

मी सिस्टर. बत्तीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. समितीवरच्या काही सदस्यांना पोलिओचा पहिला डोस मीच पाजला आहे, काहींच्या पोरांची नाळ मी कापली आहे. त्या नात्याने लिहिते आहे. पत्र उघड लिहिते, कारण हीच गोष्ट तुमच्या कानात मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आणि ती कानातच राहिली.

दरवर्षी तीस नोव्हेंबरला संध्याकाळी मला फोन येतो. "सिस्टर, उद्या एड्स दिन आहे, दहा मिनिटं बोलून जा." मी जायचे. धान कापणी-मळणीचे दिवस असतात, निम्मी पोरं बांधीवरून येऊन उभी असतात. रॅली निघते, फलक, घोषणा, मग पटांगणात भाषण. माईक हातात देताना कुणीतरी हळूच सांगतंच, "जास्त खोलात नका जाऊ." दोन वर्षांपूर्वी मी पोरांना विचारलं, एड्स कशाने होतो? सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "असुरक्षित संबंधाने!" म्हटलं, असुरक्षित म्हणजे काय? पटांगण गप्प. मागून नववीतला एक मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "रात्री बाहेर जाणं." कुणी हसलं नाही. बाकीच्यांनाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन ठरवलं, की पुन्हा रॅलीत भाषण करायचं नाही. मला वर्ग हवा आहे. दार लावलेला, फळा असलेला, चाळीस मिनिटांचा एक तास, आणि नंतर आणखी एक.

का, ते एका घरातून सांगते. गाव सांगणार नाही, वर्ष सांगणार नाही. एक तरुण बाई दुसऱ्या खेपेला गरोदर होती. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात पोटातच बाळ गेलं होतं. तेव्हा ती नवऱ्यासोबत मिरची तोडायला तेलंगणात गेली होती, कुठेच नाव नोंदलं नव्हतं, रक्त तपासलंच गेलं नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की कुणाची तरी नजर लागली. दुसऱ्या खेपेला आम्ही तिचं नाव वेळेत घेतलं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन बघतात, तशीच एचआयव्हीची आणि सिफिलिसची तपासणी होते. तिची सिफिलिसची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार निघाला.

नवऱ्याला बोलावलं. आमच्याच शाळेतून दहावी झालेला, लग्नाआधी ट्रकवर क्लीनर होता. व्हरांड्यात बाकावर बसला, दुपट्टा हातात पिळत. लग्नाआधी खाली एक फोड आला होता, दुखत नव्हता. बाजाराच्या गावी भिंतीवर 'गुप्तरोगाचा शर्तिया इलाज' लिहिलेलं होतं, तिथे गेला. त्या माणसाने एक सुई मारली, पुड्या दिल्या, धानाच्या चुकाऱ्याचे पैसे घेतले. फोड गेला. पुढे तळहातावर, तळपायावर लालसर डाग आले, खाजत नव्हते. तेही गेले. मग लग्न झालं.

मी रागावले नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल. तो म्हणाला, "फोड तं बरा झाला होता न बाई. मंग मले कसं समजन?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिफिलिस, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, तो असाच वागतो. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी न दुखणारा फोड, आणि तो काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. डागही आपोआप जातात. जंतू मात्र अंगात राहतो, वर्षानुवर्षं, आणि पुढे मेंदूला, हृदयाला धरतो, आईच्या पोटातल्या बाळाला धरतो. त्या भिंतीवाल्याच्या पुड्यांनी काही केलं नव्हतं, फोड तसाही जाणार होता. याच एका गोष्टीवर असल्या लोकांचा धंदा चालतो. या पोराला दहावीपर्यंत कुणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं, की खालचा फोड बरा झाला म्हणजे आजार गेला असं नसतं, तर ते बाळ वाचू शकलं असतं. पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आजार ताजा असेल तर बहुधा एकात भागतं. या दोघांना, किती जुना ते कळेना म्हणून, दर आठवड्याला एक अशी तीन द्यावी लागली. दुसरं बाळ नीट झालं. आता शाळेत जातं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात सिफिलिस आणि गोनोरिया ही दोन्ही नावं लक्षणांसह छापलेली आहेत. सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या धड्यात. त्या पोरानेही दहावी केली होती, तेव्हाचं पुस्तक वेगळं असेल. पण आजची पोरं मला सांगतात, त्या पानाशी आलं की गुरुजी म्हणतात, "हे घरी वाचून घ्या." घरी कोण वाचणार, आणि कुणासमोर?

गुरुजींना मी दोष देत नाही. अडचण खरी आहे, आणि माझ्या मते ती शब्दांची आहे. आपल्याकडे शरीराच्या त्या भागांना दोनच भाषांत नावं आहेत. एक पुस्तकातली, शिश्न आणि योनी, जी उच्चारताना जीभ अडखळते. दुसरी शिव्यांमधली, जी पानठेल्यावर खर्रा घोटताना तिसरीतलं पोरगंही ऐकतं. मधली भाषाच नाही. मग आजार झाला की माणूस दवाखान्यात येऊन बोलणार कसा? बाया म्हणतात, "अंगावरून जाते." माणसं म्हणतात, "गरमी झाली," आणि गरमी म्हटलं की उन्हाळ्याची वाटून घरची माणसं ताक पाजतात. कित्येक जण माझ्यासमोर नुसते पोटाकडे बोट दाखवून गप्प बसले आहेत. मी नवीन होते तेव्हा मलाही हे शब्द उच्चारता येत नसत. शिकावं लागलं. आरशासमोर उभी राहून शिकले, खरंच. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत मी हेच करते. लिंग, वृषण, योनी, गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड असे शब्द फळ्यावर लिहायचे आणि सगळ्यांनी मोठ्याने वाचायचे, जसे आपण यकृत आणि स्वादुपिंड वाचतो. पहिल्या वेळी खुसखुस होते. तिसऱ्या वेळेला होत नाही.

आमच्या शेजारचा गडचिरोली जिल्हा या बाबतीत जगाला माहीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यावरचा लेख आला. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका बाईला सरासरी ३.६ आजार. आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी तेव्हा नोकरीला नवी होते. प्रशिक्षणात हे आकडे ऐकले तेव्हा मला माझ्या आईची कंबर आठवली. जन्मभर दुखायची, आणि ती म्हणायची की बाईच्या जातीला हे असतंच.

त्या बाया काही वेगळ्या नव्हत्या, आणि त्यांच्या आजारांत बरेचसे संबंधातून आलेलेही नव्हते. हेही वर्गात सांगावं लागतं, आणि जोर देऊन. वयात आलेल्या मुलीला पाळीच्या मधल्या दिवसांत पांढरं पाणी जाणं नैसर्गिक आहे. दह्यासारखं जाणं आणि खाज सुटणं हा बुरशीचा संसर्ग असतो, तो संबंध न येताही होतो. पाळीची कापडं उन्हात न वाळवता दांडीखाली ओली दडपून ठेवली तर त्रास होतो. पण पोरगी बोलली की घरात पहिला प्रश्न येतो, "कोठी गेली होती?" म्हणून पोरी बोलत नाहीत. ज्या पोरीने काहीच केलं नाही, तीही गुन्हेगारासारखी गप्प राहते.

आणि जे खरोखर संबंधातून येतात, त्यातले बरेच बाईच्या अंगात मुक्याने राहतात. परमा, म्हणजे गोनोरिया, झाला तर पुरुषाला बहुधा काही दिवसांतच लघवीला आग होते, पू येतो, तो धावतो. बाईला पुष्कळदा काहीच होत नाही. क्लॅमिडिया नावाच्या दुसऱ्या आजाराचंही तसंच. काही न दुखता तो वर चढतो, गर्भनळ्यांना सूज येते, नळ्या चिकटतात. मग पाच वर्षांनी पाळणा हलत नाही म्हणून तिला माहेरी पाठवतात. दोष तिचा नसतो, बऱ्याचदा आजारही नवऱ्याने आणलेला असतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूने चामखिळी येतात आणि त्याच्याच काही जातींमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. त्यावर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते, आणि ती नऊ ते चौदा वर्षांच्या वयात, संबंध सुरू होण्याआधी दिली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. हे कॅन्सर झाल्यावर बाईला सांगून काय उपयोग? ते सातवी-आठवीतल्या पोरीला आणि तिच्या आईला सांगायचं आहे.

मागच्या वर्षी एका शाळेने मला नववीचा वर्ग दिला. त्या मुख्याध्यापकांचे उपकार आहेत. मी एक बिस्किटाचा डबा नेला होता, झाकणाला फट पाडलेला. सगळ्यांनी नाव न लिहिता एक प्रश्न टाकायचा, आणि ज्याला प्रश्न नाही त्याने कोरा कागद टाकायचा, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. कोरे कागद थोडेच निघाले.

"सलूनमधल्या वस्तऱ्याने एड्स होतो का?" "हाताने केल्याने कमजोरी येते का?" ही चिठ्ठी तर वेगवेगळ्या अक्षरांत किती वेळा होती. "मोबाईलवर दाखवतात तसंच असतं का?" "मला पांढरं जाते. माझं लग्न होणार नाही का?" "एकदाच केलं तर होतो का?" "एका दुकानात एचआयव्हीवाला मुलगा काम करतो, त्याच्या हातचा चहा पिला तर?" आणि एक, अगदी लहान अक्षरात, पेन्सिलीने, "दवाखान्यात गेलं तर घरी सांगतात का?"

हे प्रश्न त्यांना कुणी शिकवले नव्हते. आम्ही गेलो नसतो तरी ते होतेच. फक्त उत्तरं मोबाईलने दिली असती, नाहीतर भिंतीवाल्याने. १९३४ साली वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. आपल्या प्रत्येक गावात बाबासाहेबांचा पुतळा नाहीतर फोटो आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

दुसऱ्या तासाआधी एका पालकाने तक्रार केली. "हे काय शिकवून रायल्या पोरींले?" दुसरा तास झाला नाही. आता तुमच्या मनात जे आहे, त्याबद्दल बोलते.

परवानगी नाही, असं मला सांगण्यात आलं. परवानगी आहे. २००७ साली आपल्या राज्यात किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातल्या गदारोळानंतर थांबला होता, चित्रांवरून. आमच्याकडचे तक्ते तेव्हा कपाटात गेले आणि पुढे वाळवीने खाल्ले. ती भीती अजून शिक्षकांच्या मनात आहे. पण त्यानंतर २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. २०२० पासून आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं आहे आणि अकरा विषयांत प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा विषय नाव घेऊन आहे. त्याच सरकारी व्यवस्थेतून लोहाची निळी गोळी तुम्ही पोरांना देता, जंताची गोळी देता.

शिकवलं की पोरं बिघडतात, ही भीती मी समजते, मीही आई आहे. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून २०१८ साली जे मार्गदर्शन काढलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की या शिक्षणाने मुलं लवकर संबंध सुरू करत नाहीत. माझा अनुभवही तोच आहे. ज्यांना माहीत असतं ती थांबतात, विचारतात. ज्यांना माहीत नसतं ती एकमेकांच्या नादाने जातात.

"आमच्या पोरी सरळ आहेत, त्यांना लग्नानंतरच काय ते." असं एक ताई समितीच्या बैठकीत म्हणाल्या. ताई, मला तुमच्या पोरीच्या सरळपणाबद्दल शंका नाही. वरची ती बाईही सरळच होती, तिला आजार लग्नातूनच मिळाला. आणि लग्नाचं म्हणाल तर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. त्या पोरीला दहावीनंतर कोणती शाळा भेटणार आहे? तिला सांगायची जागा हीच आणि वेळ हीच.

मी काय सांगणार तेही आधीच सांगून ठेवते, मागून कुणाला धक्का नको. घाईने संबंध नको, मन आणि वय तयार नसताना तर नकोच, आणि नाही म्हणणाऱ्याचं नाही ऐकायचं, हे सांगणार. पण निरोध हा शब्दही मी वर्गात उच्चारणार आहे, तो कसा वाचवतो आणि कुठे पुरा पडत नाही तेही सांगणार. फोडाला, चामखिळीला तो पूर्ण झाकत नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून उपचार घेतले नाहीत तर आजार पुन्हा येतो, हे सांगणार. ग्रामीण रुग्णालयात वयात येणाऱ्यांसाठी मैत्री क्लिनिक आहे, या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे, तिथे लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधाची पाकिटं फुकट मिळतात, करडं, हिरवं, पांढरं. ती पाकिटं मी हातात धरून दाखवते, म्हणजे पोरांची भीती जाते. एचआयव्ही झालेल्याच्या हातचा चहा प्यायला काहीही हरकत नाही, आणि गोळ्या नियमित घेणारा माणूस पूर्ण आयुष्य जगतो, हेही. सडलेल्या अवयवांचे फोटो मी दाखवत नाही. घाबरलेलं पोरगं दवाखान्यात येत नाही, ते लपतं.

"घरी सांगतात का?" या पेन्सिलीच्या चिठ्ठीला मात्र गोड उत्तर नाही. अठराच्या आतल्या मुलाबाबत लैंगिक गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, डॉक्टरवर, माझ्यावर आणि शिक्षकांवरही. उपचार मात्र कुणीही थांबवू शकत नाही. कुणी जबरदस्ती केली असेल तर १०९८ वर फोन करता येतो, एचआयव्हीची माहिती १०९७ वर मिळते, दोन्ही फुकट. ही कायद्याची बाजू मुलांपासून लपवून त्यांचा विश्वास मिळवायचा नाही, असं माझं मत आहे. या लिहिणाऱ्या पोराला किंवा पोरीला काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर मागणं एवढंच. आधी पालकांची, विशेषतः आयांची एक बैठक घ्या. समितीत निम्म्या बाया असाव्यात असा शिक्षण हक्क कायदाच आहे, त्यांनी पुढे व्हावं. जे वर्गात सांगणार ते सगळं मी तुमच्यासमोर आधी सांगते. मग एक तास पोरींचा, एक पोरांचा. पोरांना एखादे गुरुजी किंवा ग्रामीण रुग्णालयातले समुपदेशक सोबत असले तर ती मोकळी होतात. तिसरा तास दोघांचा एकत्र. पोरांना नेहमी बाहेर काढून खेळायला पाठवतात, तसं करू नका. त्या क्लीनर पोरालाही आपण तेव्हा बाहेर काढलं असणार. आश्रमशाळांनी तर हे रोवणीच्या सुट्टीआधीच घ्यावं. मानधन नको, येण्या-जाण्याचं मी बघते.

बिस्किटाचा डबा माझ्या कपाटात आहे. पहिल्या तासात मी जेमतेम निम्म्या चिठ्ठ्यांची उत्तरं देऊ शकले. बाकीच्या तशाच आहेत, पेन्सिलीचीही. ती पोरं आता दहावीत आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची परीक्षा आहे, आणि त्यानंतर बरीचशी मिरची तोडायला जातील.

आपली,
सिस्टर